चौथा रकाना

युसूफ वडगाव
६ मार्च २०२५

तीर्थरूप लूकसमामांना सायलीचा सप्रेम सलाम.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्हाला वाटेल, या पोरीचा मोबाइल हरवला. हरवलेला नाही. काल राखेचा बुधवार झाला, उपवासकाळाचे चाळीस दिवस सुरू झाले आणि ईस्टरपर्यंत रोज संध्याकाळी फोन बंद ठेवायचा, असं मी ठरवलं. त्या वेळेत काय करायचं, हे ठरवायचं राहिलं होतं. म्हणून हे पत्र.

कालच्या उपासनेत इथल्या पाळकसाहेबांनी गमतीनं सुरुवात केली. म्हणाले, "खून-दरोडे तुमच्यानं व्हायचे नाहीत, तेवढी तुमची छाती नाही. तेव्हा मोठ्या पापांवर हे चाळीस दिवस घालवू नका. प्रत्येकानं एक लहान खोड धरा आणि तिच्या मागं लागा." सगळे हसले, पण घरी येताना मी माझी खोड शोधू लागले आणि मला ती वाटेतच सापडली.

लसीकरणाच्या दिवशी मी पंचवीस-तीस वेळा खोटं बोलते. "दुखणार नाही हं, बाळा." सुई टोचेपर्यंत ती लेकरं माझ्यावर विश्वास ठेवतात. टोचल्यावर जे बघतात, ते बघणं मी टाळते आणि कापसाचा बोळा दाबते. पाच वर्षं नर्स म्हणून हेच करते आहे. हे पाप आहे का मामा, की नुसती सोय? आणि एवढीशी गोष्ट देवाच्या आणि माझ्या मध्ये येते का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. शिवाय आपल्याकडे म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तसं असेल तर चाळीस दिवस कशाला खर्च करायचे?

तुम्ही चाळीस वर्षं मुलांच्या खोडी मोडल्यात. काही रीत असेल तर कळवा. तुमचे आशिर्वाद असू द्या.

तुमची भाची,
सायली


तलवाडा
११ मार्च २०२५

चि. सायलीस, प्रभूमध्ये प्रेमळ आठवण आणि आशीर्वाद.

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. चहा निवून गेला तरी जागचा उठलो नाही. प्रश्न इतका नेमका मांडला आहेस की तो अर्धा सुटलेलाच आहे.

प्रथम म्हणीकडे वळू. ती खोटी नाही, परंतु तिच्यातील मरण लोकांना एकाच प्रकारचे वाटते. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात शिरताना आपण काय कबूल करतो? जुना मनुष्य मेला, असेच ना? तो एका दिवसात पुरता मरत नाही, रोज थोडा थोडा मरतो. म्हणजे खोड मेल्याशिवाय जात नाही हे खरे, आणि जिवंतपणी मरता येते हेही खरे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तुझे चाळीस दिवस बसतात.

आता दुसरा भाग: एवढीशी गोष्ट आड कशी येते? माझ्या घरामागची मोसंबीची वीस झाडे तुला ठाऊक आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांतले सातवे झाड वाळू लागले. विहिरीला पाणी होते, मोटार चालत होती, मुख्य नळी भरलेली होती. मी मुळे तपासली, कीड शोधली. शेवटी ठिबकचे छिद्र पाहिले, तर त्यात क्षार साठला होता (ज्याला येथील लोक चुकीने 'खार' म्हणतात). मोहरीच्या दाण्याएवढा खडा! सायली, किती सुंदर उदाहरण आहे बघ. कृपेचे पाणी आपण निर्माण करत नाही आणि वाढवूही शकत नाही. आपल्याकडे फक्त ते छिद्र आहे. शिवाय मोटारीच्या आवाजावरून छिद्र बुजल्याचे कधीच कळत नाही. ज्या झाडाला पाणी मिळत नाही, ते बोलत नाही.

रीत अशी. एक वही घे आणि पानावर चार रकाने आख. पहिल्यात खोड केव्हा येते ते लिही. दुसऱ्यात, ती मला काय मिळवून देते. कारण काही मिळाल्याशिवाय कोणतीही खोड टिकत नाही. तिसऱ्यात, तिच्या जागी काय ठेवता येईल, कारण रिकामी जागा ती पुन्हा बळकावते. चौथ्यात, ती कोणाला लागते. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो भरण्यासाठी वहीतून मान वर करावी लागते.

मीही वही आखली आहे. माझ्या तीन खोडी सापडल्या: जेवताना वरून मीठ मागणे, दुपारच्या झोपेनंतरची चिडचिड आणि प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवणे. तिसरी फार जुनी. इतकी वर्षे वर्ग सांभाळल्यामुळे साठ माणसांनी डोळे मिटले की माझे आपोआप उघडतात. चौथा रकाना तिन्ही ठिकाणी कोराच आहे. माझ्या खोडी सुदैवाने कोणाला लागत नाहीत, असे दिसते.

आता माझे एक कोडे. आपल्या चर्चच्या मंडळीतील बायनाबाई तुला आठवतील. लिहिणे-वाचणे नाही, परंतु त्यांच्यासारखी उघड प्रार्थना पंचक्रोशीत कोणी करत नसे. गेल्या नोव्हेंबरातील हंगामाच्या सणापासून त्यांनी उपासनेत तोंड उघडलेले नाही. येतात, मागे बसतात, जातात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. क्षमेचा पहिला उद्गार पंधरा वर्षे त्यांच्याकडेच आहे. यंदा आमचे पाळक, समाधान, त्यांना विचारायला गेले, तर म्हणाल्या, "दुसरं कुनी बगा." बायनाबाई कायमच्या गप्प झाल्या तर मंडळीचे काय उरेल, असे मला वाटू लागले आहे. माझे चार तर्क आहेत: पडलेले दात, घसा, वय किंवा पाळकांवरील राग. त्या याच आठवड्यात नातीच्या बाळंतपणासाठी तुझ्या शेजारी, त्यांच्या लेकीकडे, रुक्मिणीबाईंकडे येत आहेत. तू नर्स आहेस. निरीक्षण कर आणि कळव.

तुझा मामा,
लूकस पाटोळे

ता.क. 'आशीर्वाद' या शब्दातील 'शी' दीर्घ. इतर आठ अशुद्धे सोबतच्या चिठ्ठीवर लाल शाईने लिहिली आहेत.


युसूफ वडगाव
१९ मार्च २०२५

तीर्थरूप मामांना सप्रेम सलाम.

दीर्घ आशीर्वाद पोचला. ती लाल चिठ्ठी मी आरशाला चिकटवली आहे, म्हणजे वेणी घालताना अभ्यास होतो.

वही आखली. दुसरा रकाना भरताना मला लाजच वाटली. "दुखणार नाही" म्हटल्यावर मला काय मिळतं? लेकराची भीती दोन मिनिटं लांबते आणि तेवढ्यात माझं काम उरकतं. मी त्याला दया समजत होते! तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "थोडं दुखेल. मी हात धरते." आणि काल ते म्हणून पाहिलं. संस्कृती नावाची पाच वर्षांची मुलगी होती. माझं ऐकून तिनं हात मागे घेतला.

"लई का थोडं?"

"थोडं."

"मुंगीवानी का इंचवावानी?"

"मुंगीपेक्षा जास्त, विंचवापेक्षा लई कमी."

तिनं विचार केला आणि दंड पुढं केला. "मग टोच." रडली, पण जाताना रांगेतल्या मुलीला सांगून गेली, "ही बाई खरं सांगती." मामा, पाच वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

आता तुमचं कोडं. तुमचे तर्क सांभाळून ठेवा, कारण बायनाआजी इथं प्रार्थना करते! तिच्या नातीला, चैतालीला, शनिवारी मुलगी झाली. आजीनं बाळ हातात घेतलं आणि डोळे मिटून सुरू झाली. बाळाचे कान, नाक, दहा बोटं, डॉक्टरीणबाई, मी, शेजारच्यांची गाभण म्हैस, कोणी सुटलं नाही. चैताली मला हळूच म्हणाली, "ताई, कळांपेक्षा प्रार्थनाच लांबली." तेव्हा घसा उत्तम आहे. वरचे तीन दात नाहीत, पण त्यानं काही अडत नाही. पाळकसाहेबांचं तर नाव घेऊन तिनं भलं मागितलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. शेवटाकडे ती म्हणाली, "देवा, आमच्या चुकांची..." आणि थांबली. मग म्हणाली, "माफी कर." पूर्वी ती माफी म्हणायची का? मला आठवत नाही. तुम्ही त्या सणाच्या दिवशी तिथं होतात. शाळेत प्रयोग लिहायला लावायचात तसं, काय पाहिलं ते सगळं क्रमानं लिहाल का?

तुमची,
सायली


तलवाडा
२४ मार्च २०२५

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने माझे चारही तर्क एकदम पाडले आणि मी अत्यंत आनंदित आहे. चुकीचा तर्क पडणे म्हणजे उत्तराकडे एक पाऊल.

आता निरीक्षण, क्रमाने. हंगामाच्या सणाला नेहमीप्रमाणे वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे आणि कापसाच्या परड्या मांडल्या होत्या. मंडळी भरलेली होती. बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत एक अनपेक्षित व्यक्ती बसली होती: उमापूरची साखराबाई, बायनाबाईंची धाकटी बहीण. तुला हे ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई उमापूरला साखराबाईच्या घरी वारली. साखराबाईने थोरल्या बहिणीला निरोपच धाडला नाही. बायनाबाईंना तिसऱ्या दिवशी बाजारात कळले. आईच्या मातीला त्या पोचू शकल्या नाहीत. तेव्हापासून दोघींचे बोलणे बंद. साखराबाई त्या दिवशी का आली, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

उपकारस्तुती झाल्यावर पाळकांनी बायनाबाईंना प्रार्थना करण्यास सांगितले. सर्वांनी डोळे मिटले, म्हणजे मी सोडून. बायनाबाई पावसाबद्दल, पिकाबद्दल बोलल्या. मग त्यांचा आवाज खाली आला व त्या म्हणाल्या, "देवा, शमा..." हा उच्चार त्या नेहमीच करत. मी कित्येक वर्षे ऐकून घेतला होता, परंतु त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे होते. म्हणून मी जागेवरूनच, अगदी हळुवारपणे सांगितले, "बायनाबाई, क्षमा म्हणा. शमा म्हणजे दिवा. शिवाय शमा ही आपल्या वेशीजवळ कपडे शिवते, तिला कशाला बोलावता?" मंडळी हसली. वातावरण प्रसन्न झाले. बायनाबाईंनी पुढे काही म्हटले नाही. खाली बसल्या आणि पाळकांनी आमेन म्हणून प्रार्थना पुरी केली.

साखराबाई मात्र हसली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला होता आणि ओठ हलत होते. वेदीपुढच्या कणसांचा भुसा उडत होता, तो डोळ्यांत गेला असावा. उपासना संपताच ती कोणाशी न बोलता निघून गेली.

माझा निष्कर्ष असा: बायनाबाईंनी मध्येच डोळे उघडले असावेत, त्यांना बहीण दिसली असावी आणि जुनी अढी घशाशी आली असावी. म्हणजे खोड सापडली: मनात धरून ठेवणे! त्यांना वहीची रीत समजावून सांगता आली तर किती छान होईल. लिहिता येत नाही, तर खडे वापरता येतील. तुझे मत कळव.

तुझा मामा,
लूकस

ता.क. या वेळी फक्त पाच अशुद्धे. उत्तम प्रगती.


युसूफ वडगाव
२९ मार्च २०२५

तीर्थरूप मामांना सप्रेम सलाम.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. दोन्ही पत्रांत मी तुम्हाला बरं वाटेल असं लिहिलं होतं. मग वही समोर आली आणि कळलं, मी पुन्हा तेच करते आहे. म्हणून आधी सांगते: मामा, थोडं दुखेल. मी हात धरते.

काल बायनाआजी बाळाला तेल लावत होती. मी तुमचं नाव न घेता सहज विचारलं, आजी, तू आधी शमा म्हणायचीस ना, आता माफी का म्हणतेस? तिचे हात थांबले नाहीत. ती जे बोलली, ते तिच्याच शब्दांत लिहिते. यातलं एकही अक्षर दुरुस्त करू नका.

"गुरुजी लई शिकल्यालं मानूस हाय. त्यायचं बरुबरच असंल. पर त्यो शबुद माझ्या मायचा व्हता. मला अन् साखरीला दोन्ही मांड्यांवर घिऊन माय म्हनायची, देवा शमा कर. आमाला शाळा न्हवती, माय व्हती. मायनं दिल्याला शबुद तोंडातून काडला, का तिथं दुसरा बसत न्हाई बग. माफी म्हनते, पर ती उसनी हाय."

मी विचारलं, त्या दिवशी काय मागणार होतीस? ती बाळाच्या पायांना तेल लावू लागली.

"अकरा वर्सं जमवत व्हते. त्या दिशी साखरी इऊन बसल्याली बगितली. तवाच ठरिवलं, आज म्हनायचं, देवा, साखरीला शमा कर, अन् मलाबी. डोळे झाकले म्हंजी हिंमत येती. निम्मं निगालं, अन् समदे हसले. साखरीबी हसली असंल. मायच्या शबदाला हसली असंल. मंग कशाला बोलायचं?"

मामा, तिनं बहिणीला आधीच पाहिलं होतं. तिला पाहूनच ती बोलायला उठली होती. थांबली ती मंडळीच्या हसण्यानं.

तुमच्या वहीत तीन खोडी आहेत. चौथी तुम्ही लिहिली नाहीत, कारण ती तुम्हाला गुण वाटते. माझंही तसंच होतं, मी खोट्याला दया म्हणत होते. तुम्हीच लिहिलंत, छिद्र बुजल्याचं मोटारीच्या आवाजावरून कळत नाही. मीठ मागणं कोणालाच लागत नाही, हे खरं. पण त्या सणाच्या दिवसाचा चौथा रकाना कोरा नाही.

तुमच्यावर रागावलेली मुळीच नसलेली,
सायली


तलवाडा
३ एप्रिल २०२५

चि. सायलीस आशीर्वाद.

पत्र पोचले. व्याकरणाच्या दृष्टीने 'क्षमा' हेच रूप शुद्ध आहे. शिक्षकाने चूक ऐकून गप्प बसणे, हे कर्तव्यात कसूर करणे होय. अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लूकस पाटोळे


युसूफ वडगाव
७ एप्रिल २०२५

तीर्थरूप मामांना सप्रेम सलाम.

तुमच्या पत्राला ता.क. नव्हता. त्याची मला इतकी सवय झाली आहे की पाकीट उलटं करून झटकलं.

क्षमा हाच शब्द शुद्ध आहे, हे बायनाआजीलाही मान्य आहे. तो वाद नाहीच. माझा फक्त एक प्रश्न आहे, निरीक्षणाचा. त्या दिवशी साठ माणसांचे डोळे मिटलेले होते आणि एकाचे उघडे. साखराबाई हसल्या नाहीत, हे साऱ्या जगात एकाच माणसानं पाहिलं. बायनाआजीला वाटतं, त्या हसल्या. मग तिला हे कोण सांगणार?

ती बुधवारी सकाळच्या गाडीनं तलवाड्याला परत येते आहे.

तुमची,
सायली


तलवाडा
१९ एप्रिल २०२५

प्रिय सायलीस, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

वडीलधाऱ्याने भाचीला 'सलाम' लिहिण्याचा प्रघात नाही, हे मला ठाऊक आहे. लिहावासा वाटला.

तुझे ते 'थोडं दुखेल'चे पत्र आल्यावर चार दिवस मी स्वतःच्या बाजूने युक्तिवाद करीत होतो. ते सर्व शुद्ध होते. पाचव्या दिवशी वही उघडली आणि नव्या पानावर खोड लिहिली: दुसऱ्याचे बोलणे दुरुस्त करणे. केव्हा येते? कोणीही तोंड उघडताच. काय मिळते? हा रकाना भरायला मला एक पूर्ण दुपार लागली. लिहिले ते एवढेच: मी येथे सर्वांत शिकलेला आहे, याची खात्री. मग चौथा रकाना. सायली, तो एका नावावर थांबेना. पाळक समाधान माझ्यासमोर उपदेश कागदावरून वाचतात, एरवी तोंडपाठ करतात. मंडळीतील निवृत्ती नावाच्या तरुणाने उपासनेत साक्ष देणे सोडले. तुझ्या दिवंगत मामी शेवटच्या वर्षांत माहेराहून मला पत्र लिहीत नसत, फोन करीत. मी कारण कधी विचारले नव्हते.

बायनाबाईंच्या घराकडे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परतलो. शनिवारी सकाळी मी मोसंबीत सातव्या झाडाशी वाकलो होतो, तोच बांधावरून आवाज आला. शेळीसाठी गवत घेऊन त्या चालल्या होत्या.

"गुरुजी, खार धरला का?"

मी म्हणालो, "हो, बायनाबाई. खार धरला."

त्या थबकल्या. बहुधा दुरुस्तीची वाट पाहत होत्या. मी उभा राहिलो आणि चार दिवस मनात घोळवलेले भाषण सुरू केले. क्षमा हा शब्द 'क्षम्' या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ सहन करणे असा आहे, इथपर्यंत पोचलो असेन. त्यांनी भारा खाली ठेवला.

"गुरुजी, तुमी माफी मागायलाव का शिकवायलाव?"

पुढचे सगळे भाषण मी विसरलो. मग जे सांगायचे होते ते सांगितले. "साखराबाई हसली नव्हती."

"तुमाला कसं ठावं? समद्याचे डोळे झाकल्याले व्हते."

"माझे उघडे होते."

"परार्थनेत?"

"चाळीस वर्षांपासून."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "लई वाईट खोड हाय, गुरुजी." मग बांधावर बसल्या. तिथूनच विचारले, "काय करायली व्हती ती?"

"पदर डोळ्यांना लावला होता. ओठ हलत होते."

"काय म्हनत व्हती?"

येथे मला फार मोह झाला. त्यांना काय ऐकायचे आहे ते मला ठाऊक होते, आणि मी एका शब्दाने ते देऊ शकलो असतो. परंतु तुझी ती संस्कृती आठवली. "ऐकू आले नाही," मी म्हणालो. "हललेले पाहिले, एवढेच खरे." त्यांनी मान हलवली. एवढ्यावर त्यांचे भागले, असे दिसले. मी त्यांच्यासमोर बसलो. सदुसष्ट वर्षांत जाणूनबुजून अशुद्ध शब्द कधी उच्चारला नव्हता. म्हणालो, "बायनाबाई, मला शमा करा."

त्या हसल्या नाहीत. "केली," म्हणाल्या. "आता नळीकडं बगा, झाड वाळून चाललंय."

उठताना म्हणाल्या, "साखरीला निरोप धाडते. शुक्रवारी ये म्हनावं. मायच्या टायमाला निरोप आला न्हाई, आता जाऊ तर द्या." मी उत्साहाने पत्र लिहून देण्याची तयारी दाखवली. त्यांनी हात वर केला. "तुमी नगा लिहू. तुमी त्यातबी चुका काडताल." उमापूरला जीप नेणाऱ्या गहिनीनाथजवळ त्यांनी तोंडी निरोप दिला. त्याचे उत्तर आले नाही. पाळकांना मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी कळवले की पहिला उद्गार त्याच घेतील.

काल उत्तम शुक्रवार होता. दुपारी बारा वाजता उपासना सुरू झाली. उकाडा भयंकर, दारे उघडी. तुला वचन दिले नव्हते, परंतु वहीला दिले होते: डोळे मिटायचे. तुला हे सोपे वाटेल. पहिल्या मिनिटाला माझ्या पापण्या थरथरू लागल्या, जणू वर्गात कोणीतरी कॉपी करीत आहे. कोण आले, कोण कोठे बसले, साखराबाई आहे की नाही, हे जाणण्याची तीव्र इच्छा झाली. मी दोन्ही हातांनी बाक धरून बसलो.

बायनाबाई उभ्या राहिल्या, हे त्यांच्या बांगड्यांवरून कळले. एकदोन जण खोकले. मग त्यांचा आवाज आला, पूर्वीसारखाच, मोठा.

"देवा, साखरीला शमा कर. अन् मलाबी."

कोणी हसले नाही. मग मागून, दाराच्या बाजूने, दुसरा आवाज आला. बारीक, चिरकलेला, सवय नसलेला. "आक्के," तो म्हणाला, "मला शमा कर."

पुढे बांगड्या वाजल्या, बाके सरकली, कोणीतरी कोणाला वाट करून दिली. पाळकांना दुसऱ्या उद्गाराकडे वळायला बराच उशीर झाला, आणि त्यांनी उपदेश कागदाशिवाय केला, असे नंतर कळले.

तू आता विचारशील की ती साखराबाईच होती का, दोघी कशा भेटल्या, कोण आधी रडले. सर्व क्रमाने लिहा म्हणशील. मला तेवढे विचारू नकोस, बाळ. माझे डोळे मिटलेले होते.

तुझा,
लूकसमामा